दहा सेंटिमीटरचा रणगाडा आणि त्याच्याखालची जमीन

मीरा-भाईंदरमधल्या डोंगरीचे नाव काढले की मुंबईकराला आधी दक्षिण मुंबईतली डोंगरी आठवते. ही डोंगरी निराळी. भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागले की खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये टेकड्यांची एक रांग लागते, तिच्या आधाराने हे गाव वसले आहे. गावाच्या उत्तरेला, चौकच्या टेकडीवर धारावीचा किल्ला होता. टेकडीखाली वसईची खाडी, खाडीपलीकडे वसईचा कोट. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत धारावीसाठी दोन्ही बाजूंनी निकराची झुंज झाली. अखेर मार्च 1739 मध्ये मराठ्यांनी धारावी घेतली आणि मे महिन्यात वसई पडली.

एवढ्याशा टेकडीचे इतके मोल का, हे इतिहासाच्या पुस्तकातून चटकन कळत नाही. नकाशातही धारावी म्हणजे एक ठिपका. पण टेबलावर थर्माकोलची टेकडी उभी करून, निळ्या कापडाची खाडी अंथरून, त्यात दोन गलबते सोडली आणि टेकडीवर एक तोफ ठेवली, की शाळकरी पोरही सांगते : ही जागा ज्याच्या हाती, खाडीचे तोंड त्याच्या हाती. वसईतल्या पोर्तुगिजांना रसद पाण्यावाटे येणार, आणि ते पाणी या तोफेच्या टप्प्यात. वॉरगेमिंग नावाच्या छंदाचा गाभा एवढाच आहे. ठरलेल्या प्रमाणातली जमीन, त्याच प्रमाणातली वाहने आणि माणसे, फुटपट्टीने मोजलेली चाल, आणि फाशांनी ठरणारे नशीब.

हा खेळ जुना आहे. पायदळ, घोडदळ, हत्ती आणि रथ पटावर मांडणारा चतुरंग आपलाच. पण खऱ्या जमिनीचा हिशेब खेळात आणला तो प्रशियाच्या लष्करात, राइसवित्झ पिता-पुत्रांनी. मुलाने 1824 मध्ये आपले नियम छापले, आणि अधिकारी नकाशावर ठोकळे सरकवत लढाया शिकू लागले. 1913 मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने ‘लिटल वॉर्स’ लिहून हाच खेळ घरच्या फरशीवर आणला. त्याच्या शिशाच्या शिपायांवर स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफा खरोखर गोळे मारत. रणगाड्यांची मॉडेल्स सर्वांच्या आवाक्यात आली ती 1960 च्या दशकात, प्लॅस्टिकच्या किटमुळे. इंग्लंडची एअरफिक्स आणि जपानची तामिया ही त्यातली मोठी नावे. आज जगभर चालणारे एकास पस्तीसचे प्रमाण तामियाकडे कसे आले, ही गोष्ट मजेची आहे. त्यांना आपल्या पँथर रणगाड्यात मोटर आणि बॅटऱ्या बसवायच्या होत्या. त्या मावतील एवढा सांगाडा केला, मागाहून मोजला, तेव्हा प्रमाण पस्तिसाच्या आसपास निघाले.

खेळासाठी मात्र पस्तिसाचे प्रमाण फार मोठे. सेंच्युरियन रणगाड्याचा सांगाडा, पुढे आलेली नळी सोडून, सुमारे 7.6 मीटर लांब. पस्तिसाव्या भागात तो जवळपास 22 सेंटिमीटर होतो. चार रणगाड्यांत टेबल भरून जाते. बहात्तराव्या भागात साडेदहा सेंटिमीटर, शंभराव्या भागात साडेसात. एकास 285 मध्ये तर जेमतेम पावणेतीन, म्हणजे अख्खी रेजिमेंट जेवणाच्या टेबलावर मावते. घरी दोघा-तिघांनी बसून खेळायचे तर मला बहात्तराचे प्रमाण सगळ्यांत योग्य वाटते. एकेक वाहन ओळखू येते, हातात धरता येते, आणि रंगवायला जागाही मिळते.

सुटे भाग चौकटीतून, म्हणजे स्प्रूतून, निप्परने कापायचे, जोडाच्या रेषा पॉलिशपेपरने घासायच्या, पॉलिस्टायरीनचे सिमेंट लावून जोडायचे. हे सिमेंट प्लॅस्टिक किंचित वितळवून दोन भाग एकजीव करते, म्हणून हाताळणीला टिकते. कपाटातले मॉडेल एकदा ठेवले की हलत नाही. खेळातला रणगाडा संध्याकाळभर उचलला जातो, मागे-पुढे सरकतो, शेजारच्या खोक्यात कोंबला जातो. त्यामुळे नाजूक मशिनगनच्या जागी जरा जाड तार चालते, अँटेनासाठी मासेमारीचा बारीक तंगूस उत्तम, कारण तो वाकतो पण मोडत नाही. उत्तन-डोंगरीच्या पट्ट्यात तो शोधायला लांब जावे लागत नाही.

रंगकामाला या किनाऱ्याची हवा हे मोठेच प्रकरण आहे. पावसाळ्यात स्प्रेच्या डब्याने प्रायमर मारला तर पृष्ठभाग खरखरीत होतो, आणि मॅट वार्निश दमट हवेत पांढरे धुके धरते. सुपर ग्लू तर हवेतल्या ओलाव्यानेच आवळतो. दमट दिवसांत तो भराभर धरतो आणि सांध्याभोवती पांढरी बुरशीसारखी कड सोडतो. म्हणून जून ते सप्टेंबर कापणे आणि जोडणे, आणि दसऱ्यानंतर रंग, असा क्रम कोकणपट्टीत शहाणपणाचा.

आधी प्रायमर, मग बेस कोट, म्हणजे मूळ हिरवा. त्यावर वॉश : पाण्यासारखा पातळ केलेला गडद तपकिरी रंग, जो खाचांत उतरून सावल्या दाखवतो. तो वाळला की ड्रायब्रश : ब्रशवरचा रंग कागदावर जवळजवळ संपवायचा आणि कडांवरून हलकेच फिरवायचा. शेवटी धूळ. नवख्यांना इथे एक गोष्ट पटायला वेळ लागतो. खऱ्या रणगाड्याचा नेमका तोच हिरवा मॉडेलवर लावला तर मॉडेल काळपट दिसते. खरे वाहन आपण दुरून बघतो, मधल्या हवेने त्याचा रंग फिका झालेला असतो. हातभर अंतरावरच्या चिमुकल्या वाहनाला ती हवा मिळत नाही. ती ब्रशने द्यावी लागते. हिरव्यात थोडा पिवळसर राखाडी मिसळला की पंजाबच्या उन्हातले वाहन दिसू लागते.

पंजाबच का म्हणतो? कारण दुकानांतल्या फळ्यांवर टायगर, पँथर आणि शेरमन यांची रांग असते आणि आपले मॉडेलकारही निमूटपणे जर्मन छावणी रंगवत बसतात. त्यांच्या कारागिरीबद्दल मला आदरच आहे. पण हे करताना आपण दारातली विहीर सोडून दूरच्या तळ्यावर जातो. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, आर्मर्ड कोअरचे केंद्र आणि प्रशिक्षण शाळा आहे, आणि 1994 पासून तिथे रणगाड्यांचे संग्रहालय उभे आहे. रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून विजयंतापर्यंत अस्सल वाहने तिथे आहेत. वहीत टिपून घ्यायचे असेल तर चाकांपासून सुरुवात करावी. टी-55 ला एका बाजूला पाच चाके, आणि पहिल्या व दुसऱ्या चाकात ठळक फट. सेंच्युरियनला सहा, दोन-दोनच्या जोडीने बसवलेली. रंगाच्या बाबतीत मात्र प्रदर्शनातल्या वाहनावर विसंबू नये. उघड्यावरची वाहने पुन्हा पुन्हा रंगवली जातात. त्यासाठी युद्धकाळातली छायाचित्रेच पाहावीत.

अहिल्यानगरलाच ‘फामागुस्ता’ नावाचा रणगाडा जतन केला आहे. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच सेंच्युरियनवर लढता लढता धारातीर्थी पडले. वय एकवीस, जन्म पुण्याचा. त्यांची रेजिमेंट पूना हॉर्स. 1817 मध्ये दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या तहातून उभारलेल्या घोडदळातून ती आली आहे. याच रेजिमेंटचे नेतृत्व 1965 मध्ये लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर यांनी केले. जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्यात. त्यांचे पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते आणि इनाम मिळालेल्या गावांत तारापूर प्रमुख होते, असे सांगतात. हे तारापूर धारावीच्याच किनाऱ्यावर, उत्तरेला. जानेवारी 1739 मध्ये मराठ्यांनी ते घेतले आणि त्या लढाईत मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले. 11 सप्टेंबर 1965 ला फिल्लोराच्या लढाईत तारापोर जखमी झाले, पण मागे जायला त्यांनी नकार दिला. 16 तारखेला त्यांच्या रणगाड्याला गोळा लागून ते हुतात्मा झाले. त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात शत्रूचे सुमारे साठ रणगाडे नष्ट आणि आपले नऊ गमावले, असा हिशेब आहे.

हा हिशेब टेबलावर उतरवायचा तर रणगाडे पुरेसे नाहीत, जमीन लागते. असल उत्तर हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. सप्टेंबर 1965 मध्ये खेमकरणजवळ आपल्याकडे सेंच्युरियन थोडे, बाकी जुने शेरमन आणि हलके एएमएक्स-13. समोर पॅटन. शेतांत पाणी सोडले होते, ऊस उंच वाढला होता. पॅटन चिखलात रुतले, आणि उसात दडलेल्या तोफांनी त्यांना गाठले. शत्रूचे 97 रणगाडे नष्ट झाले किंवा हाती आले. चार ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद जीपवर बसवलेल्या 106 मिलिमीटरच्या तोफेने लढले आणि 10 सप्टेंबरला शहीद झाले. बहात्तराव्या भागात ती जीप साडेचार सेंटिमीटरची होते. मोकळ्या टेबलावर ती पहिल्याच फाशात संपेल. काथ्याच्या पायपुसण्याचे तुकडे उभे करून उसाचा फड केला की तीच जीप पॅटनला भारी पडते.

जमीन करण्याची विद्या महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. दिवाळीत विटा-दगडांवर चिखलात भिजवलेले गोणपाट टाकायचे, अळीव-मोहरी पेरून हिरवळ उगवायची, बुरुज रचायचे, मावळे ठेवायचे, हे इथली मुले पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. सैन्यातही हल्ल्यापूर्वी वाळूवर भूभाग रचून जवानांना समजावतात. त्याला सँड मॉडेल म्हणतात. दिवाळीचा किल्ला त्याच जातीचा.

किल्ल्यातला मावळा दरवाजापेक्षा उंच असतो म्हणून लोक हसतात. वॉरगेमिंगमध्येही तसेच असते, फक्त ठरवून. बहात्तराच्या प्रमाणात एक किलोमीटर म्हणजे जवळपास चौदा मीटर. एवढे टेबल कुणाच्या घरी नाही. म्हणून वाहनाचे प्रमाण एक आणि अंतराचे प्रमाण दुसरे धरतात, उदाहरणार्थ एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर, आणि ते नियमपुस्तकात लिहून ठेवतात. आपल्या किल्ल्यांत उणीव आहे ती या लिहिण्याची. जमीन देखणी असते, पण तोफेचा टप्पा कुठवर, पाण्याचा मार्ग कुठला, शिडी कुठल्या बुरुजाला लागली, हे विचारले तर उत्तर नसते. मॉडेलकारांचे उलट आहे : रणगाड्याचा बोल्टन्‌बोल्ट बरोबर, आणि तो उभा लाकडी पट्टीवर.

हे दोन्ही हात एकत्र यावेत असे मला कळकळीने वाटते. किल्ले स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आणि शाळांना माझी विनंती आहे की, येत्या वर्षी स्पर्धेत आणखी एक गट ठेवा. त्यात एकच ठरलेली लढाई द्या : ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वसईची, पुण्यात पूना हॉर्सची फिल्लोरा किंवा बसंतर. पाटीवर दोन्ही प्रमाणे लिहिणे सक्तीचे करा, आणि परीक्षकांनी मुलांच्या हाती फुटपट्टी व फासे देऊन ती लढाई एकदा खेळायला लावा. लागणारा खर्च गोणपाट, विटा, रंगाच्या चार बाटल्या आणि मूठभर किट एवढाच आहे.