निर्देशिकेची जतनप्रत व तिचा इतिहास

मोठ्या कचेरीतील वा विद्यापीठातील माणसे, त्यांचे गट व अधिकार यांची नोंद संगणकांच्या जाळ्यात एका मध्यवर्ती निर्देशिकेत ठेवलेली असते. तिच्याशी व्यवहार करण्याची ‘एलडॅप’ ही पद्धती अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात आकारास आली व १९९३ साली प्रसिद्ध झाली. निर्देशिका नष्ट झाली, तर सर्वांचीच दारे बंद होतात. म्हणून तिची जतनप्रत नियमाने काढतात. परंतु प्रत हाती असणे निराळे, आणि गेल्या मंगळवारी कोणत्या गटात कोण शिरले हे तीवरून सांगता येणे निराळे.

या दुसऱ्या कामी लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ साली रचिलेली ‘गिट’ ही आवृत्ती राखणारी प्रणाली उपयोगी पडते. ती दोन आवृत्त्यांतील भेद ओळीओळीने दाखविते. अडचण अशी, की निर्देशिकेत गुणधर्मांना व त्यांच्या मूल्यांना ठरावीक क्रम नसतो. सर्व नोंदी ‘एलडिफ’ स्वरूपाच्या एकाच लांब फाइलीत उतरविल्या, तर सभासदांची नावे नुसती मागेपुढे झाली तरी बदलाचा भास होतो व खरा बदल त्यात दडून जातो. याकरिता प्रत्येक नोंदीस स्वतंत्र फाइल द्यावी. दुमडलेल्या ओळी सलग कराव्यात व, नोंदीच्या नावाची पहिली ओळ सोडून, बाकीच्या अक्षरक्रमाने लावाव्यात. देवनागरी नावे एलडिफमध्ये ‘बेस-६४’च्या सांकेतिक अक्षरांत उतरतात. तुलनेच्या प्रतीत ती उलगडलेलीच बरी. पुनःस्थापनेची मूळ प्रत मात्र वेगळी व अस्पर्श राखावी.

फाइलीस नाव कोणते द्यावे? निर्देशिका वृक्षासारखी असते, तेव्हा फोल्डरांची रचनाही तशीच करण्याचा मोह होतो, आणि लहान संस्थेस ती सोयीचीही पडते. पण एका खात्याचे नाव बदलले, की त्याखालच्या शेकडो फाइली एकदम जागा सोडतात. नोंदीस सर्व्हरने दिलेला ३६ चिन्हांचा ‘यूयूआयडी’ क्रमांक नामांतरानंतरही तोच राहतो. तो वाचावयास रुक्ष खरा. तथापि एका माणसाचा इतिहास त्यामुळे अखंड राहतो.

परवलीच्या शब्दांचे हॅश या फाइलींत मुळीच येऊ देऊ नयेत. ते केवळ कुलूपबंद मूळ प्रतीत असावेत. आज ओळ खोडली तरी कालच्या आवृत्तीत ती शिल्लक राहते, आणि ती तेथून काढावयाची तर गिटमधील पुढचा सारा इतिहास नव्याने लिहावा लागतो.