हसवणारा माणूस उमेदवारी अर्ज भरतो तेव्हा

साक्षात श्रीकृष्ण बिहारमध्ये निवडणुकीच्या फंदात पडतो. मी ईश्वर, मला कसली जात, असं तो सांगतो. तिथली माणसं त्याला समजावतात की इथे नुसतं देव असून भागत नाही, जात असल्याशिवाय मत मिळत नाही. ही गोष्ट हिंदी व्यंगलेखक हरिशंकर परसाईंची. लेखाचं नाव ‘हम बिहार में चुनाव लड़ रहे हैं’. त्यांनी एम. ए. केलं नागपूर विद्यापीठातून आणि १९५६ मध्ये ‘वसुधा’ मासिक काढलं ते जबलपुरातून.

केवढी साधी युक्ती आहे ही! फक्त उमेदवार बदलायचा, बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं. रोज डोळ्यांसमोर असून न दिसणारी व्यवस्था एकदम लख्ख दिसू लागते. पण कागदावरचा हा प्रयोग एखाद्या विनोदवीराने खऱ्या निवडणुकीत केला तर?

२०२४ मध्ये ते घडलं. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची नक्कल करून प्रसिद्ध झालेला राजस्थानचा श्याम रंगीला वाराणसीत थेट त्यांच्याविरुद्ध उभा राहायला निघाला. ज्याचा आवाज काढायचा, त्याच्याच मतदारसंघात! १४ मे या शेवटच्या दिवशी त्याने अर्ज दाखल केला आणि दुसऱ्या दिवशी छाननीत तो बाद झाला. कारण दिलं गेलं ते अपुऱ्या प्रतिज्ञापत्राचं आणि न घेतलेल्या शपथेचं.

शपथेचा नियम बारकाईने पाहण्यासारखा आहे. उमेदवाराने राज्यघटनेशी निष्ठा राखण्याची शपथ अर्ज भरल्यानंतर घ्यायची असते आणि तीही छाननीचा दिवस उजाडण्याआधी. म्हणजे शेवटच्या दिवशी अर्ज भरणाऱ्याच्या हाती उरतात ते मध्यरात्रीपर्यंतचे काही तास. शिवाय अपक्ष उमेदवाराला त्या मतदारसंघातले दहा प्रस्तावक लागतात. प्रतिज्ञापत्रात मालमत्ता, कर्ज, शिक्षण, फौजदारी खटले हे सगळं लिहावं लागतं, आणि एकही रकाना कोरा सोडता येत नाही. काही नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहायचं. लोकसभेसाठी अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना त्याच्या निम्मी. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं पडली नाहीत, तर ती जप्त.

आता खरं आश्चर्य. एवढे रकाने, पण ‘तुम्ही का उभे आहात?’ असा रकाना त्यात कुठेच नाही. वय पंचवीस पूर्ण, भारताचा नागरिक, मतदार यादीत नाव, कायद्याने अपात्र ठरवलेलं नाही, एवढं जमलं की हसवायला आलेला माणूस आणि राज्य करायला आलेला माणूस कायद्यासमोर एकाच रांगेत उभे राहतात. हेतू पारखण्याचं काम कायद्याने अधिकाऱ्याला दिलेलं नाही, ते मतदारावर सोपवलं आहे.

मतदार हे काम किती गांभीर्याने करतात, ते आइसलँडमध्ये दिसलं. २००८ मध्ये बँका कोसळल्याने लोक पोळले होते. योन ग्नार या विनोदी अभिनेत्याने ‘बेस्ट पार्टी’ काढली. जलतरण तलावांवर फुकट टॉवेल आणि प्राणिसंग्रहालयात ध्रुवीय अस्वल ही त्याची आश्वासनं. २०१० मध्ये रेक्याविकच्या १५ पैकी ६ जागा या पक्षाला मिळाल्या, ग्नार महापौर झाला आणि त्याने चार वर्षांची मुदत पूर्ण केली. थट्टा म्हणून सुरू झालेल्या पक्षाला कर्जात रुतलेल्या शहराचा कारभार पाहावा लागला.

आपल्याकडे आचार्य अत्र्यांनी दोन्ही बाजू जगून दाखवल्या. ते पुण्याच्या नगरपालिकेत निवडून गेले. मंडईला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं त्यामागे त्यांचा पुढाकार होता. १९३९ मध्ये त्यांनी निवडणुकीवरच ‘मी उभा आहे’ हे नाटक लिहिलं. पुढे १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या वतीने ते दादरमधून आमदार झाले. ज्या सभेत लोक पोट धरधरून हसत, त्याच सभेत मुंबईसह महाराष्ट्राची मागणी धारदार होत असे. विनोद आणि निष्ठा एकाच माणसात गुण्यागोविंदाने नांदतात, याचा याहून मोठा पुरावा मराठी माणसाला नको.

विनोदवीराच्या उमेदवारीने लोकशाहीची अप्रतिष्ठा होते, हे मला मुळीच पटत नाही. उलट दहा प्रस्तावक, शपथ, अनामत, छाननी ही सगळी यंत्रणा आपण पहिल्यांदा नीट पाहतो ती अशाच उमेदवारामुळे. विनोदवीराला आपण जितक्या बारकाईने तपासतो, तितकंच बाकीच्या उमेदवारांनाही तपासायला हवं. प्रत्येक उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुलं असतं. पुढच्या मतदानाआधी आपल्या मतदारसंघातली सगळी प्रतिज्ञापत्रं एकदा वाचाच.