डिझेल संपलेला ट्रॅक्टर पुन्हा चालू करताना

सभासद बंधूंनो, गळीत हंगामात आमच्या गट कार्यालयाकडे तक्रारी येतात त्या तोडीच्या, टोळीच्या, नाहीतर काट्यावरच्या रांगेच्या. पण एक तक्रार अशी आहे की तिच्यात मुकादमाचाही दोष नसतो आणि काट्याचाही नसतो. दोन ट्रॉल्या भरून निघालेला ट्रॅक्टर औंढा-वसमत रस्त्यावर डिझेल संपून उभा राहतो. ड्रायव्हर कॅन घेऊन जातो, डिझेल आणून टाकीत ओततो आणि सेल्फ मारत बसतो. इंजिन काही धरत नाही. बॅटरी उतरते, मग मिस्त्रीची वाट पाहणे आले. तोवर ऊस उन्हात वाळतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आम्ही सारखे सांगतो ते उगीच नाही. वजनाची घट त्या एका सभासदाच्या बिलात येते आणि उताऱ्याची घट सगळ्यांच्या भावात.

खरे तर इंजिन बिघडलेले नसतेच. त्याने हवा धरलेली असते. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली म्हणजे मोटार नुसती गरगरते, पाणी येत नाही; आपण नरसाळ्याने पाणी भरून हवा काढतो. इथेही तेच. डिझेल दाबले तरी आकसत नाही, हवा मात्र आकसते. पंपाचा सगळा जोर नळीतली हवा दाबण्यात जातो आणि नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. म्हणून पाच मिनिटे सेल्फ मारला काय आणि तासभर मारला काय, सारखेच.

आता हवा कशी काढायची ते पाहू. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. रात्र असेल तर मागे ट्रॉलीला रिफ्लेक्टर दिसतो का ते आधी बघा, बाकीचे नंतर. टाकीत निदान दहा लिटर डिझेल टाका. लिटर-दोन लिटरवर, तेही चढाला, नळीपर्यंत डिझेल पोचतच नाही. टाकीचा कॉक उघडा आहे ना, हे बघा. फिल्टर फडक्याने पुसून घ्या. मग पहिल्या फिल्टरवरचा हवा काढायचा बोल्ट दोन आटे ढिला करा आणि फीड पंपाच्या हातपंपाने डिझेल चढवा. आधी फेस येईल. फेस जाऊन निव्वळ डिझेलची धार लागली की धार चालू असतानाच बोल्ट आवळा. तसेच दुसऱ्या फिल्टरला, आणि शेवटी मोठ्या पंपाला. क्रम उलटा केला तर मागची हवा पुन्हा पुढे येते.

पुष्कळदा एवढ्यावरच इंजिन धरते. नाही धरले तर नोझलकडच्या पाइपांचे नट अर्धा-एक आटा ढिले करा. इंजिन बंद करायची दांडी आत ढकललेली आहे याची खात्री करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण द्या आणि सेल्फ मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मग मिनिट-दोन मिनिटे विसावा. डिझेल उसळायला लागले की नट आवळा. मात्र त्या धारेपुढे हात धरू नका. दाबाखालची धार कातडी फोडून आत शिरते, जखम सुईएवढी दिसते पण काम शस्त्रक्रियेपर्यंत जाते. तसे झाले तर ताबडतोब दवाखाना गाठा.

हे वर्णन जुन्या पद्धतीच्या पंपाचे आहे. १९५१ साली बंगलोरला सुरू झालेल्या मायको कंपनीच्या नावाने जुने मिस्त्री तो ओळखतात. २००८ पासून ती कंपनी बॉश झाली. नवीन मोठ्या ट्रॅक्टरांची गोष्ट वेगळी. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांतल्या बऱ्याच इंजिनांत कॉमन रेल पद्धत आली. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो. अशा इंजिनाचे नोझलचे पाइप रस्त्यावर मुळीच उघडू नयेत. पुस्तकात सांगितले असेल तसे फिल्टरपर्यंत डिझेल भरावे, नाहीतर कंपनीच्या मिस्त्रीला बोलवावे.

वाहनमालकांना दोन शब्द स्पष्टच सांगतो. ड्रायव्हरला खेपेपुरतेच मोजून डिझेल द्यायचे आणि ट्रॅक्टर थांबला की त्याच्यावर ओरडायचे, ही रीत बरी नव्हे. यार्डात रांग लांबली, फडातून निघताना काळ्या मातीत चाक रुतले, की हिशेब चुकणारच. शिवाय टाकीच्या तळाचा गाळ आणि पाणी शेवटच्या डिझेलबरोबर फिल्टरात जाते. काट्यावर विश्वास नसेल तर स्वच्छ काडी टाकीत बुडवून बघावी, आणि टाकी संध्याकाळी भरून ठेवावी म्हणजे रिकाम्या जागेत रात्रीचे दव धरत नाही.

इंजिन धरल्यावर लगेच खेप हाणू नका. पाच मिनिटे चालू ठेवून प्रत्येक जोडावर बोट फिरवा, पण नोझलच्या पाइपांवर नको. ते इंजिन बंद करून बघा. कुठे ओल लागली तर बहुधा बोल्टाखालचे तांब्याचे वायसर चेपलेले असते. दहा-वीस रुपयांचे दोन वायसर आणि नटाच्या मापाचा पाना टूलबॉक्समध्ये असू द्या. डिझेल टाकीत असूनही ट्रॅक्टर वरचेवर हवा धरत असेल तर टाकी ते फीड पंप ही रबरी नळी तपासा. तिला बारीक चीर असली तर बाहेर डिझेल गळत नाही, पण आत हवा ओढली जाते.