आधी पाणी, मग विचारपूस

“काळजी करू नका, सगळं ठीक होईल.” प्रशिक्षक ताईंनी हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि त्यावर फुली मारली. समोरच्या आशाताई एकमेकींकडे पाहू लागल्या. दुःखातल्या घरी गेलं की तोंडात पहिलं तेच येतं.

मुक्ताईनगर तालुक्यातल्या एका गावच्या समाजमंदिरात हा वर्ग चालला होता. तापी-पूर्णेच्या या पट्ट्यात मे-जूनचं वादळ येतं तेव्हा केळीला घड लागलेले असतात. वर्षभराचं पाणी, खत आणि उसनवारी एका संध्याकाळी आडवी होते. तलाठी पंचनामा करून जातो. घरात सुन्न बसलेल्या माणसाजवळ मात्र कसं बसायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेत त्यासाठी तीन पायऱ्या आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. ‘काय झालं ते सगळं सांगा’ असा आग्रह धरायचा नाही. बोलायचं की नाही, हे समोरच्याने ठरवायचं.

मग सराव. एक ताई शेतकऱ्याची बायको झाली, दुसरी आशा. “मले काही सुचत नही,” एवढं म्हणून पहिली गप्प झाली. दुसरीला ती शांतता सोसेना. तिने लगेच विम्याचा विषय काढला. प्रशिक्षक ताईंनी थांबवलं. पुन्हा करा. या खेपेला तिने विचारलं, “काकू, पाणी प्यायलात का? रात्री डोळा लागला का?” आणि नुसती बसून राहिली. पहिली खरंच रडू लागली. तिच्या माहेरची बाग गेल्या साली झोपली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

सगळ्यात अवघड धडा पुढे होता. मनात जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट माणसाला हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, फवारणीचं औषध घरातून हलवायचं, टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर फोन लावून द्यायचा आणि दवाखान्यापर्यंत सोबत जायचं. हे चारही मुद्दे ताईंनी सगळ्यांकडून मोठ्याने वदवून घेतले. मला हा वर्गातला सर्वांत मोलाचा अर्धा तास वाटला.

दोन शिक्षकही आले होते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा घरचं वादळ मुलांबरोबर वर्गात येतं: कुणी पेंगतं, कुणी विनाकारण मारामारी करतं. संकटातल्या मुलांना शाळेने आधार देण्याचं उदाहरण महाराष्ट्रात आहे: 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 मुलं पुण्याजवळ वाघोलीला शिकायला आणली होती. ठरल्या वेळी जेवण, अभ्यास, खेळ आणि रोज दिसणारा तोच मोठा माणूस, हा मुलांसाठी मोठा आधार असतो. तो द्यायला शिक्षकाने समुपदेशक असायलाच हवं असं नाही. मूल आठवडे उलटूनही सावरत नसेल, तर मात्र डॉक्टरकडे पाठवायचं.

‘जोडून द्या’ या तिसऱ्या पायरीवर गाव कामाला येतं. बचत गट, भजनी मंडळ, कृषी सहायक, यातलं कोण कुणाच्या घरी जाईल, याची यादी तिथेच झाली.

पण या आशाताईंचं काय? इतरांचं ऐकून त्याही थकतात, आणि वादळात त्यांच्याही घरची केळी पडलेली असते. एका दिवसाच्या वर्गावर हे काम तगणार नाही. दर महिन्याला त्यांना एकत्र बसवून त्यांचं ऐकणारं कुणी नेमायला हवं, आणि त्या दिवसाची मजुरी त्यांना मिळायला हवी.