नियम मोठा की परिणाम?

बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड येथे १९८२ साली हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीचा तांब्याचा प्रकल्प उभा राहिला. तांब्यावाचून वीज घरोघर कशी पोहोचणार? परंतु खाण असो वा धरण, त्यासाठी कोणाची तरी जमीन जाते. अशा वेळी योग्य काय, हे ठरवावे कसे?

बेंथॅम व मिल परिणामाकडे पाहतात. ज्या कृत्याने अधिकांत अधिक लोकांचे अधिकांत अधिक हित साधते, ते योग्य. कांट नियमाकडे पाहतो. मनुष्याला दुसऱ्याच्या सुखाचे केवळ साधन करता येत नाही, मग लाभ कितीही मोठा असो.

हा वाद १९२१ साली मुळशीच्या खोऱ्यात प्रत्यक्ष उभा राहिला. टाटांच्या कंपनीला धरण बांधून मुंबईस वीज पुरवावयाची होती. लाभ शहराचा, बुडणार मात्र मावळ्यांची भातशेते. मोबदला दिला तरी संमतीवाचून जमीन घेणे अन्यायच, असे म्हणून सेनापती बापट सत्याग्रहात उतरले. तरीही धरण झाले.

केवळ परिणाम मोजणारा बुडणाऱ्याचे दुःख बेरजेत हरवतो. केवळ नियम धरणारा अंधारातल्या घरांना उत्तर देऊ शकत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने दोहोंची सांगड घातली. सामाजिक परिणामांची पाहणी हवी, आणि खासगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमतीही हवी.

उरलेल्या २० टक्क्यांपाशी मात्र कांटचा प्रश्न अजून उभाच आहे.