परकीय मदत आटल्यानें काय घडतें

सन २०२५ च्या जानेवारीच्या २० तारखेस अमेरिकेच्या अध्यक्षांनीं परदेशांस जाणारी मदत नव्वद दिवस स्थगित केली. मार्चांत त्या कामांपैकीं शेंकडा ८३ कामें रद्द केल्याचें जाहीर झालें, आणि १ जुलै रोजीं तीं चालविणारें ‘यूसेड’ हें खातें परराष्ट्रखात्यांत विलीन झालें. ब्रिटननेंही आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा ०.५ वरून २०२७ पर्यंत ०.३ वर आणण्याचें ठरविलें. देणाऱ्यानें हात आंखडावा कीं नाहीं हा त्याचा अधिकार; त्याविषयीं आम्हांस वाद घालावयाचा नाहीं. तो कोणत्या रीतीनें आंखडला, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

सुदानांत एप्रिल २०२३ मध्यें यादवी पेटली, व ऑगस्ट २०२४ मध्यें झमझम येथील निर्वासितांच्या छावणींत दुष्काळ असल्याचें आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनीं ठरविलें. तेथील मोहल्ल्यांतल्या लोकांनींच ठिकठिकाणीं अन्नछत्रें उघडलीं होतीं. त्यांच्या पैशाचा मोठा भाग अमेरिकेहून येई. छत्रचालक बाजारांतून माल उधारीवर उचलीत, आणि हप्ता आला कीं दुकानदाराचें देणें फेडीत. हप्ता अकस्मात् थांबतांच उधारी थकली, व सुमारें अकराशें छत्रें, म्हणजे पांचांतील जवळजवळ चार, बंद पडलीं. वायद्याच्या दिवशीं हुंडी सकारली नाहीं म्हणजे चांगली पेढीही कशी बसते, हें आमच्या व्यापारी वाचकांस निराळें सांगावयास नको.

बरें, धान्य नव्हतें असेंही नाहीं. त्या खात्याच्याच तपासनिसानें फेब्रुवारींत कळविलें कीं, ४८.९ कोटी डॉलरांहून अधिक किंमतीचें अन्न बंदरांत, वाटेंत व कोठारांत नासण्याच्या भयांत आहे. (दुसऱ्याच दिवशीं त्या गृहस्थांस बडतर्फ करण्यांत आलें.) इथिओपियांतील १९८४ च्या दुष्काळानंतर उभारलेली, पाऊस, पिकें व बाजारभाव पाहून आगाऊ इशारा देणारी व्यवस्थाही कांहीं महिने बंद होती.

आमची मंडळी लहान, आणि तिचें क्षेत्र आपल्या जिल्ह्यापुरतें. परंतु अन्नछत्र व गुरांची छावणी आम्हीही अशाच उधारीवर चालवितों. कडब्याचा सौदा दोन महिने आधीं करावा लागतो. सबब वर्गणीदार महाशयांस विनंती कीं, त्यांनीं बारा महिन्यांचें वचन लेखी द्यावें, व रक्कम कमी करणें झाल्यास तीन महिने आगाऊ कळवावें, म्हणजे छत्रावरील माणसांची निराळी सोय पाहण्यास अवकाश मिळेल. वचनपत्राचा नमुना या अहवालाच्या शेवटीं जोडला आहे.