विश्लेषण : रिव्हॉल्व्हरची नळी कापली की नेमकं काय बदलतं? ओस्वाल्डच्या शस्त्राने काय शिकवलं?

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डलासमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांची हत्या झाली. त्यानंतर साधारण पाऊण तासाने त्याच शहरातल्या ओक क्लिफ भागात पोलीस अधिकारी जे. डी. टिपिट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. काही वेळातच टेक्सास थिएटर या सिनेमागृहात ली हार्वी ओस्वाल्डला अटक झाली. त्याच्याकडे आखूड नळीचं एक रिव्हॉल्व्हर सापडलं. कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हा त्याची नळी ५ इंचांची होती. ओस्वाल्डच्या हाती आलं तेव्हा ती जेमतेम सव्वादोन इंच उरली होती. या बदलामुळे काय झालं आणि तपासात तज्ज्ञ कुठे अडले, हे समजून घेऊया.

हे रिव्हॉल्व्हर आलं कुठून?

ते अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीचं ‘व्हिक्टरी मॉडेल’ होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशी रिव्हॉल्व्हर मोठ्या संख्येने ब्रिटनला पाठवली गेली. या शस्त्रावरही ब्रिटिश चाचणीच्या खुणा होत्या. युद्धानंतर ही जुनी शस्त्रं स्वस्तात बाजारात आली. हे रिव्हॉल्व्हर कॅनडातल्या माँट्रियलच्या व्यापाऱ्याकडून लॉस एंजेलिसला पोहोचलं. ओस्वाल्डने ‘ए. जे. हायडेल’ या खोट्या नावाने टपालाने मागणी नोंदवली आणि मार्च १९६३ मध्ये ते त्याला पाठवण्यात आलं. किंमत होती २९ डॉलर ९५ सेंट.

नळी का कापली?

कारण साधं, आखूड रिव्हॉल्व्हरला गिऱ्हाईक होतं. कोल्ट कंपनीने १९२७ मध्येच दोन इंची नळीचं ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ बाजारात आणलं होतं. कोटाखाली सहज लपणारं आणि झटकन बाहेर काढता येणारं शस्त्र म्हणून हा प्रकार लोकप्रिय झाला. मग लष्करी वापराची लांब नळीची रिव्हॉल्व्हर कापून विकायला सुरुवात झाली. ओस्वाल्डच्या रिव्हॉल्व्हरची नळी कॅलिफोर्नियातल्या एका बंदूक कारागिराकडून आखूड करून घेण्यात आली होती.

नळी आखूड झाल्यावर काय बिघडतं?

पहिला फटका वेगाला बसतो. काडतुसातली दारू जळून तयार झालेला वायू गोळीला नळीतून ढकलत असतो. नळी छोटी म्हणजे हा धक्का मिळण्याचं अंतरही कमी. गोळी कमी वेगाने बाहेर पडते, तोंडाशी ज्वाळा आणि आवाज मात्र वाढतो. पुढचं वजन घटल्यामुळे हाताला बसणारा झटकाही जास्त जाणवतो.

दुसरा फटका नेमाला. नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी एक छोटा उंचवटा असतो. त्याला फ्रंट साइट किंवा आपल्याकडे बंदुकीची माशी म्हणतात. नळीचं टोक कापलं की माशीही जाते. ती नव्याने बसवावी लागते आणि खरी अडचण तिथेच आहे.

माशीचं एवढं काय महत्त्व?

व्हिक्टरी मॉडेलमध्ये मागची खाच रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यातच कोरलेली असते, ती हलवता येत नाही. त्यामुळे नेमाचा सगळा भार पुढच्या माशीवर पडतो. माशी गरजेपेक्षा उंच बसली तर नेम धरताना नळी खाली झुकते आणि गोळी खाली लागते. माशी बुटकी राहिली तर गोळी वर जाते. ती किंचित कलली तरी गोळी डावीकडे किंवा उजवीकडे सरकते.

शिवाय मागची खाच आणि पुढची माशी यांच्यातलं अंतर पावणेतीन इंचांनी घटलेलं असतं. हे अंतर जितकं कमी, तितकी हाताची बारीकशी चूकही लक्ष्यावर मोठी होते. म्हणूनच आखूड रिव्हॉल्व्हर दूरवरच्या नेमासाठी फारसं कामाचं नसतं.

मग तपासात अडचण कशामुळे आली?

इथे दुसरा बदल महत्त्वाचा ठरला. हे रिव्हॉल्व्हर मुळात ‘.३८ एस अँड डब्ल्यू’ काडतुसासाठी बनलं होतं. विक्रीआधी त्याच्या सिलिंडरमधली काडतुसांची घरं ‘.३८ स्पेशल’साठी वाढवण्यात आली. हे काडतूस जास्त लांब, पण त्याची गोळी किंचित बारीक असते. नळी मात्र जुनीच राहिली, म्हणजे गोळीच्या मानाने थोडी सैल.

एरवी नळीच्या आतल्या पीळदार खाचांचे ओरखडे गोळीवर उमटतात आणि त्यावरून शस्त्र ओळखता येतं. सैल नळीत गोळी दर वेळी वेगळी घासत गेली. वॉरन आयोगाच्या अहवालानुसार, याच रिव्हॉल्व्हरमधून लागोपाठ झाडलेल्या चाचणीच्या गोळ्याही एकमेकींशी जुळेनात. टिपिट यांच्या शरीरातून काढलेल्या चार गोळ्या याच रिव्हॉल्व्हरमधून सुटल्या असू शकतात, पण फक्त यातूनच सुटल्या असं सांगता येत नाही, असं एफबीआयच्या तज्ज्ञांचं मत पडलं. इलिनॉयच्या एका स्वतंत्र तज्ज्ञाने त्यातली एक गोळी जुळवली.

उलगडा झाला तो रिकाम्या पुंगळ्यांवरून. घटनास्थळाजवळ सापडलेल्या चार पुंगळ्यांवरचे ठसे नळीचे नव्हते, तर काडतुसावर आदळणाऱ्या पिनचे आणि त्यामागच्या धातूच्या पृष्ठभागाचे होते. हे भाग कोणी बदलले नव्हते. चारही पुंगळ्या याच रिव्हॉल्व्हरच्या, यावर तज्ज्ञांचं एकमत झालं. शस्त्राचा क्रमांकही शाबूत होता, त्यामुळे खोट्या नावाने केलेली खरेदी उघड झाली.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने आखूड नळीच्या रायफल आणि शॉटगनवर कडक नोंदणी लादली. मूळ मसुद्यात पिस्तूल-रिव्हॉल्व्हरही होती, पण ती वगळण्यात आली. त्यामुळे रिव्हॉल्व्हरची नळी कापणं हा तिथे संघराज्य पातळीवर गुन्हा ठरला नाही. सामान्य ग्राहकाला दुसऱ्या राज्यातून टपालाने बंदूक मागवण्याची वाट मात्र १९६८ च्या कायद्याने बंद झाली.

भारतात नियम उलटा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ नुसार कोणत्याही बंदुकीची नळी आखूड करायची तर त्यासाठी वेगळा परवाना लागतो. विनापरवाना असं केल्यास कलम २५ लागू होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. घरात वडिलोपार्जित, परवाना असलेलं रिव्हॉल्व्हर असेल तरी हाच नियम. मालकाच्या हातातला परवाना शस्त्र बाळगण्यापुरता असतो, त्याची नळी कापण्याची मुभा त्यात येत नाही.